ट्रकचं नाक खाली आणायचं, की मागची कमान वर?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

देवगड तालुक्यातले एक बागायतदार लिहितात. वडिलांनी उभ्या आयुष्यात एकच गाडी चालवली, 1968 चा टाटा-मर्सिडीज-बेंझ 1210. त्यातून आधी जांभ्याचे चिरे वाहिले, नंतर आंब्याच्या पेट्या. वडिलांचे गुडघे थकल्यावर ट्रक मांगरात उभा राहिला. मुलाने तो पुन्हा चालता केला. इंजिन उघडलं, केबिनचा पत्रा बदलला, मूळचा रंग शोधून दिला, मूळ मापाचे नवे टायर घातले. आता एकच गोष्ट खटकते. ट्रक नाक वर करून उभा दिसतो, स्टिअरिंग जड लागतं आणि वाडीच्या रस्त्यावर पुढून हाडं खिळखिळी होतील असे धक्के बसतात. पुण्याचा चुलतभाऊ मोबाइलवर अमेरिकन पिकअप दाखवून म्हणतो, पुढून चार इंच खाली घे, गाडी देखणी दिसेल. कमानीचे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, मिस्त्री म्हणतात, पुढच्या कमानींतले दोन-दोन पाटे (पोलादी पट्ट्या) काढू, दिवसभराचं काम. वडिलांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, “तुका काय करूचा ता कर.” ट्रक कामाला लावायचा नाही. गावात फिरवायचा आणि जमलं तर कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यायचा आहे. पुढून खाली घ्यावा का?

उत्तर:

तुमचं पत्र वाचलं आणि सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. आधी उत्तर देते. पाटे काढू नका. आणि मागच्या कमानी तपासून होईपर्यंत पुढच्या कमानींची उंची बदलू नका. माझ्या मते तुमच्या ट्रकचं नाक वर गेलेलं नाही, त्याची मागची बाजू खाली बसली आहे.

हे कशावरून म्हणते ते सांगते. तुमच्या तिसऱ्या फोटोत मागचं चाक आणि त्यामागची कमान स्पष्ट दिसते. हौदा रिकामा आहे. रिकाम्या ट्रकची मागची मुख्य कमान चांगली बाकदार दिसायला हवी, कारण ती भरलेल्या वजनासाठी बनवलेली असते. तुमची जवळजवळ सपाट आहे. मुख्य कमानीवर जी छोटी मदतीची कमान असते, तिची टोकं चेसीच्या टेकूंना लागायला जेमतेम दोन बोटं उरली आहेत. ती टोकं माल भरल्यावर लागायची असतात. रिकाम्या गाडीत ती इतकी जवळ आली असतील तर मुख्य कमान थकली आहे. वर्षानुवर्षं खाणीवरून चिरे वाहिलेल्या गाडीत याचं नवल नाही. जांभा वजनदार आणि खाणीचे रस्ते खड्ड्यांचे, सगळा मार मागच्या अ‍ॅक्सलने खाल्ला.

म्हणजे तुम्ही, चुलतभाऊ आणि मिस्त्री, तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: जी बाजू वर दिसते तीच चुकली आहे. डोळ्याला तसंच वाटतं, कारण आपण गाडी समोरून आणि बाजूने बघतो, मागच्या चाकात वाकून कोणी बघत नाही. तेव्हा डोळ्यावर न जाता टेपने मोजा.

मोजायची पद्धत अशी. घराच्या खळ्यात मोजू नका. खळं कितीही सारवलेलं असलं तरी सपाट नसतं. पेट्रोल पंपाचं किंवा एखाद्या गोदामासमोरचं काँक्रीट बघा. आधी चारही कोपऱ्यांच्या टायरमधली हवा कंपनीच्या मापाने भरा. गाडी दहा-बारा फूट पुढे-मागे करून हलक्या हाताने थांबवा, म्हणजे कमानी आपल्या जागी बसतील. मग चेसीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलशेजारी, डावीकडे आणि उजवीकडे, असं चार ठिकाणी घ्या आणि वहीत लिहा. डाव्या-उजव्यात फरक निघाला तर तोही लिहून ठेवा. एकाच बाजूचा एखादा पाटा तुटलेला असू शकतो आणि रंगाखाली तो दिसत नाही.

हे झालं आजचं माप. पूर्वी गाडी किती उंच उभी राहायची हे कळायला घरातले जुने फोटो काढा. नव्या ट्रकला हार घालून समोर माणसं उभी केल्याचा एखादा फोटो बहुतेक घरांत सापडतोच. त्यातला बाजूने काढलेला हवा. फोटो इतका मोठा करा की टायरची उंची बरोबर 10 सेंटिमीटर भरेल. मूळ 9.00-20 मापाचा टायर सुमारे 40 इंच उंच असतो, म्हणजे फोटोतला 1 सेंटिमीटर प्रत्यक्षातले 4 इंच. आता टायरच्या माथ्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची फट पुढे मोजा, आणि मागे टायरच्या माथ्यापासून हौद्याच्या तळापर्यंत. अगदी दोऱ्यावर बरोबर येणार नाही, पण पुढून जास्त आहे की मागून कमी आहे, एवढं नक्की कळेल.

आणि वडिलांना पुन्हा विचारा, पण प्रश्न बदलून. “खाली घेऊ का?” असं विचारलं की त्यांना तुमच्या हौसेला हो किंवा नाही म्हणावं लागतं. मुलाने एवढं कष्टाने उभं केलेलं काम, त्याला नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा विचारा की रिकामी गाडी कशी उभी राहायची, किती चिरे चढले की मागची छोटी कमान लागायची, कमानी शेवटच्या कधी भरल्या, पुढचा पाटा कधी तुटला होता का. मला वाटतं, या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर येणार नाही. ज्या माणसाने हा ट्रक भरून, रिकामा, पावसात, घाटात चालवला, त्याच्याइतकी या गाडीची माहिती मिस्त्रीकडे नाही आणि माझ्याकडे तर नाहीच.

आता जड स्टिअरिंगचं. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, तेव्हा ते मोटारीसारखं हलकं कधीच होणार नाही. पण मागची बाजू बसण्याचा स्टिअरिंगशी सरळ संबंध आहे. पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंगपिन थोडी मागे कललेली असते, त्या कोनाला कास्टर म्हणतात. त्यामुळे वळण संपलं की चाकं आपोआप सरळ होतात. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर सव्वाचार मीटरच्या आसपास धरलं आणि मागची बाजू 3 इंच बसली असली, तर अख्खी चेसी साधारण 1 अंशाने मागे कलते आणि कास्टर तेवढा वाढतो. कास्टर वाढला की चाक वळवायला जास्त जोर लागतो. मागच्या कमानी मूळ बाकावर आणल्या तर हा 1 अंश पुढे काहीही न करता परत मिळतो. तरीही जड वाटलं, तर पुढचं अ‍ॅक्सल उचलून चाकं हातांनी वळवून बघा. ट्रक इतकी वर्षं उभा होता, किंगपिनमधलं ग्रीस वाळून दगड झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

धक्क्यांचं कारण मात्र पुढच्याच कमानीत आहे, पण ते उंचीत नाही. कमानीचे पाटे एकमेकांवर सरकायला हवेत, सरकले तरच कमान दबते. किनाऱ्याजवळ, खाऱ्या हवेत, मांगरात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे पाटे गंजून एकमेकांना धरतात. मग नऊ पाट्यांची कमान एकाच जाड लोखंडी पट्टीसारखी वागते आणि खड्डा सरळ सीटपर्यंत पोचतो. मिस्त्रींना सांगून एक बाजू सोडवून बघाच. मधला बोल्ट काढण्याआधी पाटे शिकंज्यात आवळलेले असले पाहिजेत, नाहीतर ते उसळून माणसाला लागतात. सुटल्यावर दोन पाट्यांच्या मधून लाल भुकटी पडेल. खालच्या पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्यावर घासतं, तिथे बोट फिरवा. नखाला लागेल अशी खाच पडलेली असते. खाच खोल असेल किंवा तिथून केसाएवढी चीर गेलेली असेल, तर तो पाटा बदलायचा. बाकीचे तारेच्या ब्रशने साफ करून, ग्रॅफाइट ग्रीस लावून, नव्या बुश आणि कमान आवळून धरणाऱ्या नव्या यू-बोल्टसह परत बसवायचे. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात. एवढ्यावर तुमचे अर्धेअधिक धक्के कमी होतील असा माझा अंदाज आहे.

मिस्त्रींचा पाटे काढायचा सल्ला मला का पटत नाही, तेही सांगते. ते वाईट हेतूने सांगत नाहीत. पाटे काढले की गाडी खाली येते आणि मऊही होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण हिशेब करा. सारख्या जाडीच्या नऊ पाट्यांतले दोन काढले, तर उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण सुमारे 29 टक्क्यांनी वाढतो. इंजिन तेवढंच जड आहे, केबिन तेवढीच जड आहे. शिवाय ट्रकच्या पुढच्या कमानीचं काम नुसतं वजन पेलण्याचं नाही. अ‍ॅक्सलला जागच्या जागी धरून ठेवते तीच, आणि ब्रेक लावल्यावर अ‍ॅक्सल गोल फिरू पाहतं त्याला अडवतेही तीच. तुम्ही कोल्हापूरला जाणार म्हणजे फोंडा नाहीतर करूळ घाट आलाच. परतताना घाट उतरताना प्रत्येक ब्रेकला वजन पुढे येतं. तिथे मुख्य, म्हणजे सगळ्यात वरचा लांब पाटा तुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतं आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. डावीकडे डोंगर आणि उजवीकडे दरी असलेल्या रस्त्यावर हे व्हायला नको.

चुलतभावाने दाखवलेल्या गाड्या खोट्या नाहीत, पण त्यांची पुढची रचनाच वेगळी आहे. शेव्हर्ले सी-10 पिकअपला 1963 पासून पुढे गुंडाळी स्प्रिंग आहे आणि दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. तिथे चाकाचा आस ज्या भागावर असतो तो भागच वेगळा बनवलेला मिळतो. त्याने चाक तेवढं वर सरकतं, गाडी खाली येते आणि स्प्रिंगची हालचाल होती तेवढीच राहते. तुमच्याकडे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच घडीव लोखंडी अ‍ॅक्सल आहे. त्यात असा बदल करायचा तर जास्त वाकाचं अ‍ॅक्सल घडवून घ्यावं लागेल. कोणी “भट्टीत तापवून वाकवून देतो” म्हणालं, तर त्याला नमस्कार करून घरी या. तोच नियम कमानीला. गॅसच्या ज्योतीने कमान तापवून खाली बसवणारे पुष्कळ आहेत. तापवल्यावर पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. नव्याने तेलात विझवून पुन्हा नीट पाणी दिलं नाही, तर ती कमान दोन पावसाळ्यांत एकतर बसेल नाहीतर तुटेल. अ‍ॅक्सल आणि कमान यांच्या मध्ये ठोकळे घालून पुढची उंची बदलण्याचा प्रकारही नको. ब्रेकचा पीळ त्या ठोकळ्यावर येतो.

तुम्ही पत्रात विचारलंय की गाडी खाली घेतली तर आपल्या रस्त्यांवर पोट घासेल का. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. कमानीने उंची कमी केली तरी अ‍ॅक्सल जमिनीपासून जेवढं वर होतं तेवढंच राहतं, ते टायरच्या मापावर ठरतं. कमी होते ती अ‍ॅक्सल आणि त्याच्या वरच्या भागांतली फट. या इंजिनाचं ऑइल चेंबर त्याच बाजूला आहे. गतिरोधकावर अ‍ॅक्सल उसळून चेंबरला लागलं, तर चेंबर फुटून सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून काहीही ठरवण्याआधी एक सोपी चाचणी करा. चिकणमातीचा मुठीएवढा गोळा अ‍ॅक्सलवर, चेंबरच्या बरोबर खाली, घट्ट थापून बसवा. दुसरा गोळा अ‍ॅक्सलवर जिथे चेसीखालचं रबर येऊन टेकतं तिथे. गाडी नेहमीच्या वेगाने गावातल्या सगळ्यात खराब गतिरोधकावरून न्या, साकवाच्या चढणीवरून न्या, एकदा जोरात ब्रेक लावा. परत आल्यावर गोळा किती चेपला ते मोजा. मातीची उरलेली जाडी म्हणजे तुमच्याकडे असलेली शिल्लक. ती दीड इंच निघाली, तर चार इंच खाली घेण्याचा विषयच संपतो.

हे सगळं झाल्यावर, मागची बाजू मूळ जागी आल्यावर, पाटे साफ झाल्यावरही तुम्हाला ट्रक पुढून थोडा खाली हवाच असेल, तर मी नाही म्हणणार नाही. गाडी तुमची आहे, आणि ती सुंदर दिसावी ही इच्छा अगदी रास्त आहे. पण चार इंच नको, दीड इंचापर्यंत थांबा. पाट्यांची संख्या तीच ठेवून कमी बाकाच्या नव्या कमानी चांगल्या कारखान्यातून बनवून घ्या. किंवा मुख्य पाट्याचे डोळे (टोकांना गुंडाळलेल्या कड्या) वरच्या ऐवजी खालच्या अंगाला वळवून आणा, त्याने डोळ्याच्या जाडीएवढा, म्हणजे साधारण एक-दीड इंच फरक पडतो. मूळ कमानी तेल लावून, डावी-उजवी लिहून जपून ठेवा. नव्या कमानी बसल्यावर शॅकल (कमानीचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) कोणत्या कोनात उभं राहतं, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकांपर्यंत नेणारा दांडा) किती तिरपी होते, पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला लागतो का, हे गाडी जमिनीवर असतानाच बघा. नाक खाली गेलं की कास्टर कमी होतो. सरळ रस्त्यावर गाडी भरकटायला लागली तर कमान आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये बारीक पाचर घालून कोन परत आणता येतो. ही पाचर म्हणजे वर सांगितलेला ठोकळा नव्हे, ती एका बाजूला जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. जागा मिळावी म्हणून चेसीखालचं रबर कोणी कापू म्हणालं तर कापू देऊ नका. हेडलाइटचा झोतही नव्याने लावून घ्या.

जुन्या जीप बाळगणाऱ्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण त्यांचे प्रश्नही याच धर्तीचे येतात. जीपच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 80 इंच, या ट्रकच्या निम्मं. म्हणून तिथे एक इंच बदलला की कोन दुप्पट बदलतो. ट्रकला सोसतं ते जीपला सोसेलच असं नाही.

कागदपत्रांकडे पत्रात तुम्ही एकाच ओळीत वळलात, पण तिथे थोडं थांबायला हवं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार, नोंदणीत असलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम ठामपणे उचलून धरलं. आठ वर्षांवरच्या ट्रकला दर वर्षी पासिंग लागतं, आणि ते करताना तपासणारा माणूस वाकून कमानी बघतोच. अपघात झाला तर विमा कंपनीही बघते. 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यामुळे आपला ट्रक त्यात बसेल असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तो बसत नाही. ती सवलत दुचाकींना आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींना आहे, मालवाहू ट्रकला नाही. शिवाय चेसीत फेरफार केलेली गाडी त्या नियमांतही बाद ठरते. म्हणून कमानीचं काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन नोंदणीची आजची स्थिती बघून घ्या. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये झाला. तुमच्या ट्रकची पहिली नोंद त्याआधीची, रत्नागिरीची असणार, आणि जुने कागद तिकडून इकडे येताना काही राहून गेलंय का हे आत्ताच कळलेलं बरं.

क्रम असा ठेवा: आधी मापं आणि जुना फोटो, मग कागद, मग मागच्या कमानी, त्यानंतर पुढच्या कमानींची सफाई. हे काम पाटे काढण्यापेक्षा महाग पडेल, वेळही जास्त जाईल, मिस्त्री थोडे कुरकुरतील. पावसाआधी उरकलं तर उत्तम, ओल्या दिवसांत साफ केलेला पाटा रात्रीतून गंज धरतो. मग दोन-तीनशे किलोमीटर चालवा, यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि चार कोपऱ्यांची मापं परत घ्या. तोवर चुलतभावाला सांगा की खाली घ्यायचं अजून ठरलेलं नाही. मापं झाली की आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मला पाठवा, सोबत मातीच्या गोळ्याची उरलेली जाडीही. दीड इंच घ्यायचा की नाही, ते आपण त्या आकड्यांवर ठरवू. आणि काम झाल्यावर पहिल्या फेरीला वडिलांना शेजारी बसवून न्या. गाडी बरोबर उभी राहते की नाही, हे ते पहिल्या वळणालाच सांगतील.